नाशिकच्या सीबीएसजवळच्या (मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या) एका वकीलबाईंचं ऑफिस: घटस्फोटाच्या कागदांसाठी चार तारे

चार तारे. पाचवा कापलाय तो जिना, फोन आणि टायपिंग या तिघांनी मिळून. त्याचं पुढे सांगते. नाव मात्र लिहिणार नाही. मी पाटीचा फोटोच टाकणार होते, पण मॅडमनी स्वतःच नको म्हटलं. वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलची बंदी आहे, आणि उद्या कुणी हेच दाखवून तक्रार करायचा, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा हे वाचा ते वकील निवडताना काय बघायचं यासाठी.

मी अंबडच्या एका कंपनीत परचेसला आहे. कोटेशन मागवायची, रेट ताडून बघायचे, माल आला की ऑर्डरशी जुळवायचा, दिवसभर हेच. वकील बघतानाही मी तेच केलं, दोन-चार ठिकाणी बसून आले. एका ठिकाणी मला सांगितलं, "ताई, त्याला रस्त्यावर आणतो, काळजीच करू नका." दुसऱ्या ठिकाणी फीचं विचारलं तर पोटगी जी मिळेल तिच्यातले पंधरा टक्के. निकालातल्या रकमेत वकिलाने टक्का ठेवायचा नसतो, असा त्यांच्याच व्यवसायाचा नियम आहे, हे मला नंतर कळलं. टक्का मागितला की उठायचं, एवढं लक्षात ठेवा.

आमचं थोडक्यात असं. लेक आठ वर्षांची. तिच्या बाबांचं पिंपळगावकडे कृषी सेवा केंद्र, निफाड तालुक्यात सासऱ्यांची द्राक्षबाग, पाथर्डी फाट्याला दोघांच्या नावावर फ्लॅट आणि त्यावर कर्ज. मारहाण वगैरे काही नाही. का मोडलं ते इथं कुणाच्या कामाचं नाही. याचिका त्यांनी आधी टाकली, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखाली, क्रूरतेच्या कारणावरून. समन्स हातात पडल्यावर मी वकील शोधायला निघाले. या ऑफिसात मॅडमनी ते दोन्ही बाजूंनी वाचलं, बाजूला ठेवलं आणि पहिला प्रश्न विचारला, "मुलीची शाळा किती वाजता सुटते?" मला वाटलं गप्पा मारताहेत. पण त्या लिहून घेत होत्या. शाळेची बस, सुटायची वेळ, मी कामावरून किती वाजता येते, मधले दोन तास लेक कुणाकडे असते, सगळं. मी तिथंच वकीलपत्रावर सही केली.

फी सत्तर हजार, चार टप्प्यांत, आणि प्रत्येक टप्प्याला काय काम होणार ते एका कागदावर टाइप करून दिलं. झेरॉक्स, नोटरी, तिकिटं वेगळी. कोर्ट फीचं मी विचारलं तर महाराष्ट्रात बायकांना असल्या कौटुंबिक दाव्यांत ती माफ आहे, असं सांगून त्यांनी यादीतून ती ओळच खोडली. मला हे आवडलं. नुसतं विचारल्यावर बिलातली ओळ खोडणारा व्हेंडर माझ्या नोकरीत अजून भेटायचाय.

आता सोनं. लग्नात दोन्हीकडून मिळून बावीस तोळे होतं, त्यातलं बरंचसं सासरच्या लॉकरमध्ये. घरी आई रोज म्हणायची, सगळं गेलंच समज. मॅडमनी सांगितलं, लग्नाचा अल्बम घेऊन या. पावत्या असतील त्याही आणा, पण अल्बम आधी. त्यांचे कारकून काका आहेत, साठीच्या पुढचे, पूर्वी म्हणे सराफ बाजारात एका पेढीवर लिहायला होते. त्यांनी टेबलावर अल्बम पसरला, भिंग काढलं आणि एकेका फोटोवरून यादी केली: ठुशी, तन्मणी, मोहनमाळ, पाटल्या दोन, गोठ दोन, बाजूबंद. कोणत्या विधीच्या फोटोत काय अंगावर आहे, ते देताना शेजारी कोण उभं आहे, म्हणजे माहेरचं की सासरचं, सगळं रकाने पाडून. मला माझ्याच लग्नातलं जे आठवत नव्हतं ते काकांनी फोटोतून काढलं. एका फोटोत आत्या माझ्या हातात डबी देतेय, डबीवर सराफाचं नाव वाचता येतंय. ती पावती मग त्या दुकानातून मिळाली.

हा खटाटोप कशाला, तर स्त्रीधन हा वाटणीचा विषयच नाही. आईवडिलांनी, सासरच्यांनी, पाहुण्यांनी बाईला जे दिलं ते तिचं एकटीचं. नवऱ्याकडे किंवा सासूकडे ठेवायला दिलं तरी ते नुसतं सांभाळायला दिलेलं. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा रानीच्या खटल्यात हे सांगितलं आणि २०२४ मध्ये पुन्हा ठणकावलं, की स्त्रीधन ही नवराबायकोची सामाईक मालमत्ता नव्हे. विवाह कायद्याच्या कलम २७ मध्ये कोर्ट जे वाटून देऊ शकतं ते लग्नात किंवा लग्नाच्या आसपास दोघांना मिळून आलेलं, म्हणजे आहेरातला फ्रीज, कपाट, भांडी. लोक या दोन्हींची खिचडी करतात आणि सोन्याचीही वाटणी मागत बसतात. आमची यादी समोरच्या वकिलांना गेल्यावर त्यांनी दोन वस्तू सोडून बाकी मान्य केल्या. फोटोला काय उत्तर देणार?

फ्लॅटच्या बाबतीत मात्र माझा भ्रमनिरास झाला. माझा दादा आणि त्याचे मित्र अर्धा-अर्धा म्हणून ठाम होते, मोबाइलवर बघितलेल्या कुठल्यातरी अमेरिकन मालिकेवरून असणार. आपल्याकडे घटस्फोट झाला म्हणून नवऱ्याच्या मालमत्तेतला निम्मा वाटा आपोआप मिळेल असा कायदा नाही. तसा वाटा देण्याची तरतूद असलेलं विधेयक २०१३ साली राज्यसभेत मंजूर झालं होतं, पुढच्या वर्षी लोकसभा विसर्जित झाली आणि ते बारगळलं. त्यामुळे आजही बघितलं जातं ते करारनाम्यावर नाव कुणाचं आणि पैसे कुणी भरले. मॅडमनी मला घर घेतल्यापासूनचे सगळे हप्ते काढायला लावले. कोणता हप्ता कुणाच्या खात्यातून गेला, डाऊन पेमेंटला माझी मोडलेली एफडी किती होती. हे काम मी ऑफिसात एक्सेलमध्ये केलं, आमच्या साहेबांनी बघूनही न बघितल्यासारखं केलं. आकडा माझ्या बाजूने साठ टक्क्यांच्या वर गेला. वाटाघाटीत तो एकच कागद दहा वेळा कामाला आला.

शेवटी ठरलं असं, की लेकीच्या बाबांनी फ्लॅटमधला हिस्सा सोडायचा आणि मी माझी स्वतःची दरमहाची पोटगी सोडायची. इथं मॅडमचं लिखाण बघण्यासारखं. एक तर फ्लॅटचं पूर्ण वर्णन त्यांनी याचिकेतच घातलं: सर्व्हे नंबर, सदनिका क्रमांक, चटई क्षेत्र, चतुःसीमा. दाव्याचा विषय नसलेली मिळकत तडजोडीत आली की तो हुकूमनामा वेगळा नोंदवावा लागतो, म्हणून ती आधीच विषयात हवी. दुसरं म्हणजे बँक. कोर्टात तुम्ही काहीही ठरवा, कर्जाच्या कागदावर दोघांच्या सह्या असल्या तर बँक दोघांनाही धरते. माझ्या एकटीच्या पगारावर कर्ज बसतंय का ते बँकेनं नव्याने तपासलं, आणि ते पत्र हातात आल्याशिवाय मॅडमनी अटींवर सही होऊ दिली नाही. माझ्या कंपनीतल्या एकीचं हेच राहिलं होतं. घर नवऱ्याला गेलं, हप्ते त्यानं थकवले, सिबिल हिचं बिघडलं.

दादाचा खरा डोळा बागेवर होता. "चार एकर थॉमसन द्राक्ष आहे, निम्मी तरी मागू." मॅडमनी त्याला समोर बसवून, चहा पाजून सांगितलं. सासऱ्यांच्या जमिनीत सुनेला हिस्सा नाही. वडिलोपार्जित असेल तर नातीला आहे, जन्मानेच, २००५ च्या दुरुस्तीमुळे, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलंय. म्हणून आपण बागेवर हक्क सांगायचा नाही आणि मुलीचा हक्क सोडल्यासारखं एक अक्षरही कुठं लिहायचं नाही. समोरच्यांच्या मसुद्यात "पत्नीचा व अपत्याचा कोणताही हक्क राहिलेला नाही" असं वाक्य आलं होतं. साधंच वाटतं वाचताना. मॅडमनी त्यातल्या "व अपत्याचा" वर लाल रेघ मारली. दादा त्यानंतर गप्प झाला. एरवी त्याला गप्प करणं आमच्या घरात कुणाला जमत नाही.

पण सातबारा लागला तो दुसऱ्या कारणासाठी. पोटगी ठरवताना नवऱ्याचं उत्पन्न किती हा खरा झगडा असतो, आणि पगारदार नसला की विचारूच नका. लेकीच्या बाबांनी दुकानाचं उत्पन्न महिना अठरा हजार दाखवलं. द्राक्षबागांच्या ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत त्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते, हे मी गल्ल्यावर बसून पाहिलेलं आहे. रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० ला सांगितल्यापासून दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र ठरलेल्या नमुन्यात द्यावं लागतं. त्यात बँक खाती, विवरणपत्रं, विमा, गाड्या, कर्जं, अवलंबून माणसं, सगळं येतं. खोटं लिहिलं तर ते शपथेवरचं खोटं. मॅडमनी त्यांच्या प्रतिज्ञापत्रावर उत्तर देताना जीएसटी विवरणपत्रं आणि बँकेचे उतारे मागणारा अर्ज टाकला, सोबत सातबाऱ्यावरची द्राक्षाची पीकनोंद जोडली. अर्जावर आदेश व्हायच्या आतच समोरून सुधारित आकडा आला. त्याच निकालात आहे की पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून धरायची. म्हणून अंतरिम पोटगीचा अर्ज मॅडमनी पहिल्याच तारखेला दिला होता, बोलणी होतील, बघू, असं म्हणत थांबल्या नाहीत.

माझा पगार आहे म्हणून काही मिळणार नाही असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं होतं. बायको कमावते एवढ्यावरून पोटगी नाकारता येत नाही, तिच्या कमाईत आधीच्या राहणीमानाप्रमाणे भागतं का ते बघतात. उलट नणंदेच्या यजमानांनी मला एक मेसेज पाठवला होता, "पगाराच्या २५ टक्के हा कायदाच आहे". तसं कुठल्याही कायद्यात नाही. २०१७ च्या एका निकालात निव्वळ पगाराच्या पंचवीस टक्के योग्य ठरतील असं म्हटलंय, आणि तेव्हापासून तो आकडा गावभर फिरतोय. कोर्ट प्रत्येक घरात वेगळा हिशेब मांडतं.

मी माझी पोटगी सोडली, लेकीची नाही. ती सोडायचा मला अधिकारच नाही, मुलीची पोटगी मुलीची असते. दरमहा बारा हजार, दर दोन वर्षांनी दहा टक्के वाढ, शाळेची फी त्यांनी थेट शाळेत भरायची. मुदतीच्या रकान्यात समोरच्यांनी "वयाच्या १८ वर्षांपर्यंत" लिहिलं होतं. मॅडमनी ते बदलून "शिक्षण पूर्ण होऊन स्वतः कमावती होईपर्यंत अथवा विवाहापर्यंत" केलं, कारण हिंदू दत्तक आणि निर्वाह कायद्यात अविवाहित मुलीचा हक्क अठराव्या वर्षी संपत नाही. आणि एक गोष्ट केवळ नाशिकच्या वकिलालाच सुचेल अशी. शेतकऱ्याचं दुकान उधारीवर चालतं, पैसा येतो तो माल निघाल्यावर, आणि व्यापारी पळाला तर तोही येत नाही. दरमहाचे हप्ते दिवाळीच्या आसपास थकणार हे उघड होतं. म्हणून मार्चअखेर त्यांनी लेकीच्या नावाने सहा महिन्यांची रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत आगाऊ ठेवायची आणि थकलेला महिना तिथून वळता करायचा, अशी अट घातली. थकबाकीसाठी कोर्टात दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, लावता येतेच, पण दरखास्तीच्या तारखांना रजा कोण देणार?

आता ताबा. यावर मी सर्वांत जास्त लिहिणार, कारण फीचे पैसे वसूल झाले ते इथं.

पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे, असं १९५६ च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात आहे. त्याच्या वरच्या मुलाबाबत आई की बाप असा ठोकताळा नाही, मुलाचं हित कशात ते बघायचं. कुणाचा पगार जास्त एवढ्यावर ते ठरत नाही. आमच्यात लेक माझ्याकडे राहणार यावर वाद फारसा झालाच नाही. वाद होता भेटींवर. कोर्टातल्या विवाह समुपदेशक बाई लेकीशी वेगळ्या बोलल्या, नंतर न्यायाधीशांनीही तिला आपल्या कक्षात बोलावलं. आम्ही दोघं बाहेर बाकड्याच्या दोन टोकांना. बाहेर आल्यावर तिनं सांगितलं, सरांनी तिसरीत कोणता विषय आवडतो ते विचारलं आणि बाबांकडे गेल्यावर काय काय करतेस ते. बास. "आई हवी की बाबा" असं कुणीही तिला विचारलं नाही. माझ्या मनावरचं मोठं ओझं तिथं उतरलं.

बहुतेक तडजोडींत लिहिलेलं असतं, "वडिलांना मुलीस भेटण्याचा वाजवी अधिकार राहील." वाजवी म्हणजे काय यावर मग पुढची दहा वर्षं भांडा. मॅडमनी माझ्याकडून आणि समोरच्यांकडून वर्षभराचं कॅलेंडर भरून मागितलं. पहिला आणि तिसरा शनिवार सकाळी दहा ते रविवार संध्याकाळी सहा. नेआण सोसायटीच्या गेटवर, वर यायचं नाही. बुधवारी रात्री आठला व्हिडिओ कॉल, वीस मिनिटं, आई त्या खोलीत नसावी. ही शेवटची अट मॅडमनी माझी वकील असून माझ्याविरुद्ध घातली. मी कुरकुर केली तर म्हणाल्या, "तुम्ही शेजारी बसलात तर ती तुमच्या तोंडाकडे बघून बोलेल." ऑक्टोबर छाटणी ते डिसेंबरअखेर दुकान शनिवारी बंद ठेवता येत नाही, म्हणून त्या महिन्यांत फक्त रविवार, आणि त्याची भरपाई मे महिन्यात आठ दिवस जास्त. लेक आजारी असली तर भेट रद्द नाही, पुढच्या रविवारी. लक्ष्मीपूजन सम वर्षी बाबांकडे, विषम वर्षी माझ्याकडे. भाऊबीज मात्र दरवर्षी निफाडला दुपारपर्यंत, कारण चुलतभाऊ तिकडे, आणि दुपारनंतर माझ्याकडे, कारण मामेभाऊ इकडे.

आणि रंगपंचमी. समोरच्यांचे वकील बाहेरगावचे होते, त्यांच्या मसुद्यात होळी-धुळवड असं छापील आलं होतं. नाशिकमध्ये धुळवडीला कोण खेळतं? रंग रंगपंचमीला. लेकीच्या बाबांच्या आत्याचं घर जुन्या नाशकात, रहाडीपासून (रंगपंचमीला रंगाच्या पाण्याने भरतात तो जमिनीतला दगडी हौद) हाकेच्या अंतरावर. लेकीला चार वर्षांची असल्यापासून तिचे बाबा खांद्यावर बसवून रहाड दाखवायला नेतात, आणि यंदा मी धप्पा मारणार, म्हणजे त्यात उडी घेणार, म्हणून ती दोन महिने आधी सांगत सुटते. मॅडमनी धुळवड खोडली आणि लिहिलं, "रंगपंचमीच्या दिवशी सकाळी अकरा ते रात्री आठ मुलगी वडिलांकडे राहील." ते वाचून लेकीचे बाबा त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले, "हे तू सांगितलंस?" मी नव्हतं सांगितलं. शाळा आणि राहणीमान विचारताना मॅडमनी लेकीलाच विचारून ठेवलं होतं, तुझा आवडता सण कोणता.

पासपोर्ट, परदेशवारी, शाळा बदलणं याला दोघांची लेखी संमती. पालकसभेला दोघंही जाऊ शकतात. पत्ता बदलला तर महिनाभर आधी कळवायचं. पोटगी थकली म्हणून मी भेट अडवायची नाही, भेट चुकली म्हणून त्यांनी पोटगी अडवायची नाही. आणि हे सगळं कायमचं कोरलेलं नाही. लेक मोठी होईल, कुणाची बदली होईल, तेव्हा कोर्टाकडे अर्ज करून ताब्याचा आणि भेटीचा आदेश बदलून घेता येतो. विवाह कायद्याचं कलम २६ त्यासाठीच आहे. कागद मराठीत होता, हाही माझा हट्ट मॅडमनी पुरवला. जिल्ह्याच्या कोर्टात मराठी चालते, तरी मसुदे इंग्रजीत करायची खोड आहे सगळ्यांना. सासऱ्यांनी चष्मा लावून सगळी पानं वाचली आणि भाऊबीजेच्या अटीवर मान हलवली. इंग्रजीत असतं तर त्यांना कुणीतरी आपल्या मनाचं सांगितलं असतं.

कोर्टानं आम्हाला मध्यस्थीकडे पाठवलं होतं. त्याला फी नसते, आणि तिथं जे बोललं जातं ते बाहेर पुरावा म्हणून वापरता येत नाही, त्यामुळे माणसं जरा मोकळी होतात. तिथं ठरल्यावर त्यांच्या याचिकेचं परस्पर संमतीच्या अर्जात रूपांतर झालं, विवाह कायद्याचं कलम १३-ब. त्यात पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबायचं असतं. पण २०१७ च्या अमरदीप सिंगच्या निकालानंतर, वेगळं राहून दीड वर्ष उलटलं असेल आणि ताबा, पोटगी, मिळकत सगळं खरोखर मिटलं असेल तर कोर्ट ती मुदत माफ करू शकतं. आमचे कागद एवढे भरलेले होते की न्यायाधीशांना विचारायला फारसं उरलं नव्हतं. मुदत माफ झाली. शेवटच्या हुकमापर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतो, म्हणून देण्याघेण्याचेही टप्पे पाडले होते: सोनं पहिल्या जबाबाआधी, वजन करून, पोच घेऊन; हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकांकडे शेवटच्या जबाबाच्या आठवड्यात.

आता तो कापलेला तारा. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिना अंधारा. माझी आई गुडघ्यांमुळे एकदाच वर आली. मॅडम दुपारी फोन उचलत नाहीत, संध्याकाळी सहानंतर मेसेजला उत्तर देतात, आणि ते बहुतेकदा एका शब्दाचं असतं. पावती मागितली तरच मिळते. ज्युनिअर मध्येच बदलली आणि नवीनला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. टायपिंगचं तर काय सांगावं. लेकीच्या जन्मतारखेत महिना चुकला होता, सर्व्हे नंबरचे दोन आकडे उलटसुलट झाले होते, आणि एका पानावर निफाडचं नाफेड, म्हणजे कांदा खरेदी करणारी सहकारी संस्था, झालं होतं. कांद्याची खरेदी चालली असती आमच्या घटस्फोटात! परचेस ऑर्डर वाचायची सवय म्हणून सापडलं. तुम्ही जाल तर प्रत्येक पान बोट ठेवून वाचा. वाचायला वेळ मागितला तर मॅडम देतात, घाई करत नाहीत, हे त्यांच्या बाजूने.

समोरच्याला धडा शिकवायचा असेल तर इथं जाऊ नका, त्या सरळ सांगतात की ते काम माझं नाही. घरात मारहाण होत असेल, बाहेर काढलं असेल, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली राहायच्या हक्काचे आणि संरक्षणाचे आदेश तातडीने घ्यावे लागतात, आणि फौजदारी बाजू या ऑफिसात बघत नाहीत. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, बायकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, माझ्या शेजारणीला मिळालाय.

जाणारच असाल तर शनिवारी सकाळी जा, कारकून काका निवांत असतात. गाडी आणू नका, सीबीएसला लावायला जागा मिळत नाही, सिटीलिंकने, म्हणजे शहर बसने, या. सोबत लग्नाचा अल्बम, कर्जाचा उतारा, तीन वर्षांची बँक स्टेटमेंटं आणि मुलांच्या शाळेचं सुट्ट्यांचं पत्रक न्या. झेरॉक्स खालच्या दुकानातच काढून वर चढा, नाहीतर तो जिना परत आहेच.